इमारतींची दुसरी नोकरी

निवृत्त झालं की लोक विचारतात, "मग आता दिवसभर काय करता?" इमारतींनाही एक दिवस हाच प्रश्न विचारला जातो. फरक इतकाच, की त्यांच्या वतीने उत्तर दुसरंच कोणीतरी देतं. गिरणी बंद पडते, थिएटरात प्रेक्षक येईनासे होतात, स्टुडिओ दिवाळखोरीत निघतो... इमारत मात्र जागच्या जागी उभी असते. मग ती पाडायची की तिला दुसरं काही काम द्यायचं, हे कोणाला तरी ठरवावं लागतं. आज या दुसऱ्या कामाविषयी लिहायचं आहे, आणि तेही विसाव्या शतकात बांधलेल्या इमारतींबद्दल.

विसावंच शतक का? किल्ला, लेणी, देऊळ किंवा पेशवाईतला वाडा म्हटलं की आपल्या मनात आपोआप आदर येतो. १९३५ सालची सिमेंटची तीन मजली इमारत पाहून तसं काही होत नाही. "ही कसली जुनी? आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत बांधली!" असं आपण म्हणतो. कायदाही बराचसा असाच विचार करतो. १९५८ सालच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी असण्याची अट आहे. मुंबईने मात्र १९९५ साली शहरातल्या वारसा इमारतींसाठी वेगळी नियमावली केली. देशातली ही पहिलीच. पुढे २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन इमारतींबरोबर समोरच्या बाजूच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतीही जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. ज्या इमारतींत लोक आजही कपडे वाळत घालतात, त्या जागतिक वारसा ठरल्या! मला याची फार गंमत वाटली, आणि आनंदही झाला.

मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत इतिहास आणि मराठी हे विषय शिकवले. सातवीच्या मुलांची सहल म्युझियमला न्यायची ठरलेली असायची. म्युझियम म्हणजे तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९९८ पासूनचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारायची, "या इमारतीत सगळ्यात आधी काय ठेवलं होतं?" कोणी म्हणायचं मूर्ती, कोणी तलवारी, कोणी पेंढा भरलेले प्राणी. खरं उत्तर आहे रुग्णांच्या खाटा. पायाभरणी १९०५ साली झाली, इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग तिथे लष्करी इस्पितळ आलं. वस्तुसंग्रहालय म्हणून दार उघडलं ते थेट १९२२ च्या जानेवारीत. म्हणजे या इमारतीने आपली ठरलेली नोकरी सुरू करण्याआधीच एक बदली नोकरी केली होती.

तिथे आत शिरल्यावर वर घुमटाकडे पाहिलं, की पहिल्या मजल्यावर गोलाकार लाकडी खांब आणि कमानी दिसतात. वास्तुविशारद जॉर्ज विटेट याने नाशिकच्या एका वाड्यातलं हे लाकूडकाम विकत घेऊन इथे बसवलं. मुलांना मी सांगायची, "बघा, वाडा गेला पण त्याचे खांब इथे कामाला लागले." जुन्याला नवं काम देण्याची कल्पना काही आपण आज शोधून काढलेली नाही. आपल्याकडे जुन्या घराच्या तुळया आणि चौकटी नव्या घरात लागतच आल्या आहेत.

म्युझियमच्या समोर, चौकाच्या पलीकडे याच विटेटची आणखी एक इमारत आहे. सर कावसजी जहांगीर हॉल, बांधलेला १९११ साली. सभा, व्याख्यानं आणि गाण्याच्या मैफली यांसाठी हा हॉल होता. पुढे शहरात नवी सभागृहं झाली, आणि याला मिळेल ते काम करावं लागलं. लग्नं झाली, मुष्टियुद्धाचे सामने झाले, मालाचे सेल लागले. अखेर या हॉलचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय करायचं ठरलं. बाहेरचा दगडी चेहरा तसाच ठेवून आतल्या उंच पोकळीत अर्धगोलाकार मजले एकावर एक रचले गेले. या कामाला बरीच वर्षं लागली आणि डिसेंबर १९९६ मध्ये संग्रहालय खुलं झालं.

ही इमारत वाचली, याचं समाधान आहेच. पण तिथे गेलं की एक गोष्ट मनात येते. सभागृहात माणूस बोलायला, ऐकायला, टाळ्या वाजवायला आणि प्रसंगी आरडाओरडा करायला जायचा. संग्रहालयात तो हळू आवाजात बोलतो. उंच छताखाली हजारभर माणसं एकत्र बसल्यावर जे काही व्हायचं, ते आता मजल्यांमुळे होऊच शकत नाही. यात कोणाची चूक नाही. दुसरी नोकरी दिली की पहिलीतलं काहीतरी जातंच. मात्र काय गेलं ते माहीत असावं, इतकंच माझं म्हणणं.

निवृत्तीनंतर मी पुण्याला आले. इथे सकाळी फिरायला गेले की प्रभात रस्ता लागतो. या रस्त्याला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीमुळे. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्याला आली आणि तिने मोठा स्टुडिओ उभा केला. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सगळे इथलेच. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, पुढे कंपनीची घडी विस्कटली आणि १९५० नंतरच्या दशकात सगळं थांबलं.

त्या वेळी या जागेचं काहीही होऊ शकलं असतं. गावाबाहेरची मोकळी जमीन होती ती. पण केंद्र सरकारने १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, आणि १९७४ पासून तिच्या नावात टेलिव्हिजनही आलं. जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी इथूनच शिकून गेले. ऋत्विक घटक इथे शिकवायला होते. ज्या चित्रीकरणाच्या मजल्यावर दामले-फत्तेलाल यांनी देहू उभं केलं, तिथेच विद्यार्थी आपले पहिलेवहिले, चुकतमाकत केलेले शॉट घेऊ लागले.

मला वाटतं, इमारतीला मिळालेली सगळ्यात चांगली दुसरी नोकरी ती हीच. कारण स्टुडिओची अंगकाठी वेगळी असते. छत खूप उंच, मध्ये खांब नाहीत, उजेड आत येऊ नये म्हणून खिडक्या नाहीत आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती जाड. अशा जागेचं ऑफिस करायचं म्हटलं तर तिच्याशी भांडावं लागेल. चित्रपट शिकायची शाळा करताना भांडावं लागलं नाही. भिंतींबरोबर तिथलं कामही शिल्लक राहिलं. फक्त ते करणारे कसलेले लोक जाऊन शिकणारे आले.

पण याच आवारातली एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच सुरू झालं. त्याच्याकडच्या नायट्रेट फिल्मची रिळं या आवारातल्या गोदामात ठेवलेली होती. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य, कारण जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडते. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळं जळाली, त्यांत प्रभातचीही होती. जुन्या इमारतीत मौल्यवान वस्तू ठेवायची तर नुसतं प्रेम पुरत नाही. तापमान, विजेच्या तारा, आग विझवायची सोय अशा कंटाळवाण्या गोष्टींवरच सगळं अवलंबून असतं.

आता ज्या विषयाला हात घालायला मी जरा कचरत होते, तो विषय. गिरण्या.

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवची, १८५४ साली स्थापन झालेली. विसाव्या शतकातही गिरण्या वाढत गेल्या, नवी खाती बांधली गेली. तुम्ही परळ-लालबाग भागात हिंडला असाल तर करवतीच्या दात्यांसारखी छपरं पाहिली असतील. ती दिसायला छान म्हणून तशी केलेली नाहीत. दात्याची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून असते. आपल्याकडे उत्तरेकडून जवळपास वर्षभर थेट ऊन येत नाही, सौम्य आणि सारखा उजेड येतो. तुटलेला धागा नजरेला दिसायला हवा, पण ऊन डोळ्यांवर यायला नको, यासाठी ही योजना.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं गिरणी कामगारांची होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा हजेरीपटावरची कितीतरी नावं मला लाल शाईने खोडावी लागली. कोणी कोकणात गेला, कोणी साताऱ्याकडे. दाखला न्यायला आलेल्या एका आईने, "बाई, संप मिटला की परत आणते," असं सांगितलं होतं. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही.

पुढचा इतिहास कायद्याच्या कलमांतून घडला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा त्याचा गाभा. मात्र उभ्या बांधकामात नुसता वापर बदलला, तर ही वाटणी लागू होत नसे. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फार थोडं आलं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

इथे आपण जरा थांबून विचार करायला हवा. "जुनी शेड पाडली नाही, तिला नवा वापर दिला" हे वाक्य ऐकायला किती छान वाटतं! पण काही काळ गिरणगावात या वाक्याचा अर्थ असाही होता, की शेड ठेवली म्हणून जमीन वाटून द्यावी लागली नाही. छप्पर वाचलं, पण मैदान आणि घरं गेली. म्हणून जुनी भिंत राखली एवढ्यावरूनच शाबासकी द्यायची मला सवय उरलेली नाही. ती भिंत राखल्यामुळे कोणाचा फायदा झाला, हे आधी विचारावं.

माझा एक विद्यार्थी एअर कंडिशनरच्या देखभालीचं काम करतो. ज्या गिरणीत त्याचे वडील विणकर खात्यात होते, तिच्या शेडमध्ये आता दुकानं आणि हॉटेलं आहेत, आणि तिथल्या यंत्रणेचं काम कधीकधी त्याच्याकडे येतं. तो मला म्हणाला, "बाई, मला राग नाही येत, काम मिळतं. पण माझ्या मुलीला एकदा तिथे घेऊन गेलो, तर आजोबा कुठे उभे राहायचे ते दाखवता येईना. इथे कापड निघत होतं, असं सांगणारी साधी पाटीही नाही. चिमणी आहे, पण तिच्यावर रंगीत दिवे सोडलेत." मी त्याला विचारलं, "लेकीला आवडलं का?" तर म्हणाला, "आइस्क्रीम आवडलं."

तुम्ही म्हणाल, बाई जुन्या आठवणींत रमल्या आहेत. तसं नाही. गिरणीने कायम गिरणीच राहावं, असं मी म्हणत नाही. आत गरमी, कापसाची तूस आणि कानठळ्या बसवणारा आवाज असायचा. ते काम कोणी मनापासून परत मागणार नाही. पण कारखान्याचं दुसरं काम वेगळंही असू शकतं. लंडनमध्ये थेम्स नदीकाठी बँकसाइड नावाचं वीजकेंद्र होतं. १९४७ ते १९६३ या काळात दोन टप्प्यांत बांधलेलं. त्याचा वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट, ज्याने इंग्लंडातले ते प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथ केले, तोच. १९८१ मध्ये ते बंद पडलं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कला संग्रहालय उघडलं. यंत्रं काढली, पण ती जिथे बसवली होती तो प्रचंड हॉल, सुमारे १५२ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच, रिकामा ठेवला. त्याचं नाव आजही टर्बाइन हॉलच आहे. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं एक अवाढव्य लाल शिल्प २००२ साली याच हॉलभर पसरलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे, कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. पावसात भिजलेला कोणीही आत जाऊन बसू शकतो. आपल्याकडेही काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं. तसं एखादं तरी पूर्ण व्हावं, असं मनापासून वाटतं.

हे सगळं मी आत्ताच का लिहितेय, त्याला एक कारण आहे. आमच्या शाळेची इमारत १९३८ सालची. तीन मजले, गोलाई दिलेले कोपरे, जिन्यात लांबट उभी जाळी. माझ्या वेळी सकाळ-दुपार दोन्ही अधिवेशनं भरलेली असायची. आता मराठी माध्यमाचे वर्ग तळमजला आणि थोडासा पहिला मजला यांत मावतात. बाकी सगळं कुलूपबंद. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी या रिकाम्या वर्गांचं काय करावं यासाठी बैठक बोलावली आणि मलाही आग्रहाने नेलं. कोणी म्हणालं, क्लासवाल्यांना भाड्याने द्या, शाळेला पैसे मिळतील. कोणी म्हणालं, वरच्या मजल्यावर कार्यालय करा, लग्नमुंजींना जागा नाहीच या भागात. बहुतेकांना मोठं ग्रंथालय आणि अभ्यासिका हवी होती. मीही उत्साहाने मान डोलावली.

तेव्हा आमचा एक माजी विद्यार्थी उठला. तो स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. तो म्हणाला, "ग्रंथालय करा, पण तिसऱ्या मजल्यावर नको." मग त्याने जे समजावलं ते मला नवीन होतं. वर्गात मुलं बसतात त्याचा भार वेगळा आणि पुस्तकांच्या कपाटांचा वेगळा. कपाटांच्या खोलीसाठी जमिनीची ताकद साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त धरावी लागते. शिवाय ही इमारत सिमेंट काँक्रीटची. चुन्याच्या भिंतीला काय झालंय ते बाहेरून दिसतं आणि जाणता गवंडी ती दुरुस्त करू शकतो. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या आतल्या आत गंजतात, गंजल्या की फुगतात आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर काढतात. छताचा पोपडा पडला म्हणून आपण वरून गिलावा मारतो, पण दुखणं आतच राहतं. विसाव्या शतकातल्या बहुतेक इमारतींचं खरं दुखणं हे आहे. त्यामुळे नवं काम देण्याआधी डॉक्टरांनी माणूस तपासावा तशी इमारत तपासून घ्यायला हवी.

शेवटी मला बोलायला सांगितलं. मी तीन गोष्टी मांडल्या आणि नंतर त्या विश्वस्तांना पत्रानेही कळवल्या. पहिली, जे काही कराल त्यात या वस्तीतल्या मुलाला पैसे न देता आत येता आलं पाहिजे. शाळा बांधली तेव्हा गिरणी कामगारांनी पगारातून वर्गणी दिली होती, त्यामुळे त्यांच्या नातवंडांचा तो हक्क आहे. दुसरी, फळा, घंटा आणि जिन्यातली जाळी काढायची नाही. एखाद्या भिंतीवर इथे काय होतं, कोण शिकलं, ते साध्या मराठीत लिहून ठेवायचं. तिसरी, भिंती पाडून काही करायचं नाही. पार्टिशन घाला, हवं तर उद्या काढता येईल. कोण जाणे, वीस वर्षांनी पुन्हा वर्ग लागले तर?

तिसऱ्या मुद्द्यावर काही जण हसले. हसू देत. म्युझियममधल्या खाटा निघाल्या आणि ठरलेलं काम पुढे सुरू झालंच की!

क्लासवाल्यांचं भाडं मात्र खरोखरच मोठं आहे, आणि शाळेला पैशाची गरजही खरी आहे. तळमजल्यावरच्या मुलांसाठी विज्ञानाचे शिक्षक नेमायचे तर पैसा कुठून आणायचा, असं एका विश्वस्तांनी विचारलं. त्यांना माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. एक मजला भाड्याने आणि तळाशी मोफत अभ्यासिका, असा मधला मार्ग सध्या चर्चेत आहे. पावसाळा संपला की आमचा इंजिनियर सळयांची तपासणी करणार आहे. त्याचा अहवाल आला की पुढची बैठक. मला बोलावलं आहे, आणि मी जाणार आहे.